बाईंनी जास्त मागितलं, लोकांनी होतं तेही काढून घेतलं : ब्रिटन २०१७

केळफूल (९ जून २०१७, सकाळी ११:४०)

रात्रभर जागरण झालंय, त्यामुळे शुद्धलेखनाची माफी आधीच मागून ठेवते.

काल रात्री दहाला आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो ते फक्त मथळा बघून झोपायचं म्हणून. नवऱ्याने दात घासून, गजर लावून ठेवला होता. दहाचे टोले पडले आणि पडद्यावर एक्झिट पोल आला. हुजूर पक्ष ३१४, मजूर पक्ष २६६. बहुमताला ३२६ लागतात. नवरा म्हणाला, "आकडे उलटेपालटे झाले असतील यांचे." मग आम्ही पोहे केले आणि बसलो ते पहाटेपर्यंत.

ज्यांनी पाठपुरावा केला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. हुजूर पक्षाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्याकडे बहुमत होतं, लहान होतं पण होतं. पुढची निवडणूक २०२० मध्ये. एप्रिलमध्ये पाहण्यांत त्या मजूर पक्षाच्या जवळजवळ २० टक्के पुढे होत्या, म्हणून १८ एप्रिलला बाईंनी अचानक मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली. ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघ सोडण्याच्या, वाटाघाटींसाठी हात बळकट करा, म्हणाल्या. 'खंबीर आणि स्थिर' हे दोन शब्द इतक्या वेळा ऐकवले की आमच्या पाच वर्षांच्या लेकीचे पाठ झाले.

आम्ही कँटरबरीत राहतो. १९१८ पासून, म्हणजे हा मतदारसंघ आताच्या रूपात आल्यापासून, इथे दरवेळी हुजूर पक्षच. खासदार १९८७ पासून तेच. इथे मत द्यायचं म्हणजे पंढरपुरात बुक्का विकायला काढण्यासारखं, निकाल ठरलेला. आणि आज पहाटे मजूर पक्षाच्या रोझी डफील्ड १८७ मतांनी निवडून आल्या. एकशे सत्त्याऐंशी! आमच्या गल्लीत त्याहून जास्त माणसं राहतात.

मतदानाचंही सांगते, कारण माझं इथलं पहिलंच. भारतीय पासपोर्टवर इथे रीतसर राहणाऱ्याला संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून. यादीत नाव घालायचं, बास. आमचं केंद्र चर्चच्या हॉलमध्ये. कोपऱ्यात बाळगोपाळांची खेळणी ढिगाने लोटून ठेवलेली. टेबलापाशी नाव आणि पत्ता सांगितला, बाईंनी पट्टीने यादीत रेघ मारली आणि मतपत्रिका हातात दिली. ओळखपत्र? कोणी विचारलंच नाही. मी आपली पासपोर्ट, वीजबिल सगळं पिशवीत घेऊन गेले होते. आत प्लायवुडचा आडोसा आणि दोरीला बांधलेली शिसपेन्सिल. पेन्सिलीने फुली मारायची! बाहेर एक कुत्रा खांबाला बांधलेला, मालक आत मत देतोय. मिरजेला सासूबाईंना व्हिडिओवर बोट दाखवलं तर म्हणाल्या, "शाई कुठाय? मग मत दिलंस कशावरून?"

तर मंडळी, इथे मत दिलेल्यांनी सांगा, हे झालं कसं? कोणाला दिलं ते सांगायचं नसेल तर शेजाऱ्यांचं सांगा.

नानू (९ जून, दुपारी ४:३५, भारतीय वेळ)

पुण्यात बसून बोलतो, राग नसावा. हा सिनेमा आपण २००४ ला पाहिलाय. सप्टेंबर-ऑक्टोबरची निवडणूक एप्रिल-मेमध्ये ओढली, 'इंडिया शायनिंग'च्या जाहिराती, बहुतेक पाहण्यांत वाजपेयी परत येणार आणि तेरा मेला सगळे गप्प. तेव्हा आमच्या वाड्यातल्या एका काकांनी पेढे आधीच आणून ठेवले होते. चार दिवस फ्रीजमध्ये पडून होते, कोणी हात लावेना.

एकच फरक. वाजपेयींची खुर्ची गेली. मे बाईंची अजून आहे म्हणताय?

केळफूल (९ जून, दुपारी १:३०)

आहे! आत्ताच राजवाड्यावर जाऊन आल्या आणि दहा नंबरच्या, म्हणजे पंतप्रधानांच्या घराच्या, दारात उभं राहून भाषण केलं. काल रात्री काही घडलं याचा भाषणात मागमूस नाही. उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाबरोबर सरकार चालवणार म्हणे. घरमालकीण ताट वाढताना बोलते तितक्या सहज.

उंबरठा (९ जून, दुपारी २:१५)

मी हॅरो ईस्टमध्ये मत दिलं, हुजूर पक्षाला दिलं आणि लपवत नाही. आमच्याकडे जागा राखली, पण दोन हजारांच्या आतल्या फरकाने.

इथल्या पोस्टी वाचून वाटेल की मे हरल्या. हरल्या का? त्यांच्या पक्षाला १ कोटी ३६ लाख मतं पडली. दोन वर्षांपूर्वी कॅमेरन यांना १ कोटी १३ लाख होती आणि ते बहुमताने जिंकले होते. मतांचा वाटा ३७ वरून ४२ टक्क्यांच्या वर गेला. १९८३ च्या थॅचर यांच्या जवळपास! मतं तेवीस लाखांनी वाढली आणि तेरा जागा घटल्या. याला जनतेने नाकारलं म्हणतात का?

मजूर पक्षाचे नेते कॉर्बिन यांच्या जाहीरनाम्यात फी माफ, रेल्वे सरकारी, टपाल सरकारी, पाणी सरकारी. पैसे कोण देणार? माझ्यासारखा, ज्याची दहा माणसांची छोटी कंपनी आहे तो. काल दहानंतर पौंड डॉलरमागे कसा आपटला ते बघा आणि मग टाळ्या वाजवा.

टेकडीवरून (९ जून, दुपारी ३:००)

उंबरठा, आकडे बरोबर, पण अर्धेच. मजूर पक्ष ३० वरून ४० टक्क्यांवर गेला, ९३ लाखांवरून १ कोटी २९ लाखांवर. तुमची पाच टक्क्यांनी वाढ, त्यांची जवळपास दहाने. आपल्यासारखीच पद्धत आहे ना, ज्याला एक मत जास्त तो जिंकला. मग स्वतःची किती वाढली याला अर्थ नाही, समोरच्याची किती वाढली ते बघायचं.

आणि खरी गंमत युकिपची, म्हणजे ब्रेक्झिट हाच मुद्दा असलेल्या पक्षाची. २०१५ मध्ये त्यांना साडेबारा टक्के मतं होती, काल दोन टक्केसुद्धा नाहीत. बाईंचा सगळा हिशोब यावर होता. ब्रेक्झिट झालं, आता युकिपवाले अख्खे आपल्या पदरात पडणार, मग उत्तरेकडचे जुने मजूर बालेकिल्ले ढासळणार. काही पडलेही, उदाहरणार्थ मॅन्सफील्ड. पण युकिपवाल्यांतले पुष्कळ मुळात मजूर पक्षाचेच, रुसून गेलेले. ते घरी परत आले. माहेरी आलेल्या लेकीला बाई सून समजून बसल्या.

एक्झिट पोलला मात्र दंडवत. जॉन कर्टिस आणि मंडळींनी ३१४ म्हटलं, आले ३१८ (सभापती धरून). मतदारांना दारात गाठून खोटी मतपत्रिका देतात आणि आत केलंत तसंच पुन्हा करून पेटीत टाका म्हणतात. शक्यतो त्याच केंद्रांवर दर निवडणुकीला जातात आणि मागच्या वेळेपेक्षा किती बदललं एवढंच मोजतात. कोण जिंकेल हे विचारतच नाहीत.

अर्धा_चहा (९ जून, संध्याकाळी ६:२०)

आत्ता कामावरून आले. तुम्ही सगळे टक्केवारीत बोलताय, मी तुम्हाला घरातलं सांगते.

मी लेस्टरजवळ घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करते. सकाळी उठवणं, आंघोळ, औषधं, नाश्ता. एका घराला अर्धा तास, कधी पंधरा मिनिटं. गेले तीन आठवडे एकाही घरात ब्रेक्झिट हा शब्द ऐकला नाही. सगळीकडे एकच, 'डिमेन्शिया टॅक्स'.

हे नाव विरोधकांनी पाडलेलं, जाहीरनाम्यात असं काही लिहिलेलं नव्हतं. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आजवरचा नियम असा की वृद्धाश्रमात राहायला गेलात तर खर्चासाठी तुमच्या घराची किंमत धरतात, पण मदतनीस तुमच्या घरी येत असेल तर घर धरत नाहीत, फक्त बँकेतली शिल्लक वगैरे. २३,२५० पौंडांच्या वर असेल तर सगळं तुम्ही भरायचं. १८ मेच्या जाहीरनाम्यात बाई म्हणाल्या, आता दोन्हीकडे घर धरणार, मात्र शेवटचे एक लाख पौंड तुमचे. जिवंतपणी घर विकायला लावणार नाही, मेल्यावर वसूल करू.

कागदावर बघितलं तर काही लोकांचा फायदाच होता. पण माझ्याकडच्या एका आजींचं घर अडीच लाखांचं. नवरा गेला, त्याने चाळीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात काढली, घराचे हप्ते फेडले. त्यांना विसरायचा आजार. कर्करोग झाला असता तर दवाखाना फुकट, विसरायला लागल्या तर दीड लाख जाऊ शकतात, एक लाख उरेपर्यंत खर्चाला वरची मर्यादाच नाही. त्यांची मुलगी स्वयंपाकघरात उभं राहून मला विचारत होती, "म्हणजे आजार निवडायचा का आता?" मुलगी आजवर हुजूर पक्षाची. नखांना निळं, त्या पक्षाच्या रंगाचं पॉलिश, मुद्दाम नव्हे पण आहे.

चार दिवसांत घूमजाव. २२ मेला म्हणाल्या की मर्यादा घालू आणि पत्रकारांनी विचारलं तर चिडून, "काहीही बदललेलं नाही." तेव्हा मी एका आजोबांना दाढी करून देत होते, टीव्ही चालू होता. ते हसले इतके की मला वस्तरा बाजूला घ्यावा लागला.

केळफूल (९ जून, संध्याकाळी ६:४५)

अर्धाचहाताई, अगदी. आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, आजींना हाच आजार. दर निवडणुकीला त्यांच्या पुढच्या खिडकीत निळं पोस्टर असतं म्हणे, आधीचे भाडेकरू सांगायचे. या वेळी खिडकीत नुसती जिरॅनियमची कुंडी. काल कुंपणावरून विचारलं, मत द्यायला येणार का, गाडीतून नेते. म्हणाले, "नको, आज गुडघा दुखतोय." संध्याकाळी कुत्र्याला घेऊन मैलभर फिरून आले.

मजूर पक्षाला त्यांनी जन्मात दिलं नसतं. पण १८७ च्या फरकात असे किती गुडघे असतील?

बारक्या (९ जून, रात्री ८:१०)

शेफील्डहून. मी हॅलममध्ये मत दिलं आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे माजी उपपंतप्रधान निक क्लेग पडले!! २०१० मध्ये फी वाढवणार नाही म्हणून सही करून दिली, सत्तेत गेले आणि ९,००० पौंड केली. पोरं सात वर्षं दात धरून होती. आता ९,२५० आहे. कॉर्बिन म्हणाले शून्य करतो.

माझी काही माफ होणार नव्हती, मी परदेशी, मला कितीतरी जास्त लावतात ती लावतातच. माझं कारण वेगळं. शिकून झाल्यावर दोन वर्षं नोकरी शोधायचा व्हिसा होता तो २०१२ मध्ये बंद झाला. तेव्हा गृहमंत्री कोण? ह्याच बाई. आणि या जाहीरनाम्यात काय, तर दवाखान्याचा अधिभार वर्षाला २०० वरून ६००, कंपनीने आपल्याला बाहेरून घेतलं तर तिच्यावरचा कर दुप्पट. उंबरठासाहेब, तुमच्या कंपनीत घ्याल का मला?

बाय द वे, फेसबुकवर फिरतंय की १८ ते २४ वयाच्या ७२ टक्के पोरांनी मतदान केलं. आमच्या केंद्रावर रांग होती खरी, दरवाजाबाहेर.

टेकडीवरून (९ जून, रात्री ८:२५)

बारक्या, ते ७२ कुठून आले ते तरी विचार. मतपत्रिकेवर वय लिहीत नाहीत. एवढ्या लवकर ते कोणालाच माहीत नसणार. एकूण मतदान ६९ टक्क्यांच्या आसपास, मागच्या वेळेपेक्षा अडीचेक टक्के जास्त. पोरं जास्त आली असतीलही, पण केवळ पोरांनी हे केलं म्हणणं म्हणजे तिशी-चाळिशीतल्या, शाळेत जाणारी मुलं असलेल्या लोकांवर अन्याय. शाळांचा निधी आखडला म्हणून मुख्याध्यापकांची पत्रं दप्तरातून घरी येत होती.

उंबरठा (९ जून, रात्री ८:४०)

बारक्या, बायोडेटा पाठव. गंमत नाही करत. तो कर मलाही नकोच होता, मी आमच्या उमेदवाराला दारात आला तेव्हा बोललो होतो.

आणि कबूल करतो, प्रचार भिकार होता. कोल्ह्यांच्या शिकारीवर पुन्हा मतदान घेऊ हे कोणी मागितलं होतं? टीव्हीवरच्या वादसभेला बाई गेल्याच नाहीत, गृहमंत्र्यांना पाठवलं. मँचेस्टरचा बॉम्ब, मग लंडन ब्रिज. लोकांना वाटलं कायदा-सुव्यवस्था म्हणजे हुजूर पक्षाला फायदा. पण सहा वर्षं गृहमंत्री असताना वीस हजार पोलीस कमी झाले हे निघालं आणि तोही मुद्दा उलटला. तरी कॉर्बिन नकोत हे माझं मत कायम.

म्हापशेकर (९ जून, रात्री ९:३०)

स्विंडनहून. मी मत दिलं नाही. द्यायला मिळत नाही.

तुम्ही सगळे भारतीय पासपोर्टवर मत देऊन आलात, अभिनंदन. माझा पोर्तुगीज. आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीच्या गोव्यातला, त्या आधारावर कागद केले, लिस्बनला कधी पायसुद्धा लावला नाही, थेट इथे. स्विंडनमध्ये आम्ही गोंयकार हजारोंनी आहोत, गोदामांत, कारखान्यांत. युरोपीय नागरिक म्हणून नगरपालिकेला मत चालतं, संसदेला नाही. सायप्रस, माल्टा आणि आयर्लंडवाल्यांना चालतं.

म्हणजे हिशोब बघा. माझा मावसभाऊ दोन वर्षांच्या वर्क व्हिसावर बंगळूरहून आला, तो ब्रेक्झिट कसं व्हावं ते ठरवणार. मी अकरा वर्षं कर भरतोय, माझं इथे राहणं त्याच ब्रेक्झिटवर टांगलेलं आणि मी टीव्ही बघणार. भारताचा पासपोर्ट परत केला नसता तर काल मीही पेन्सिल धरली असती. बायको म्हणाली, "तू फिश करीच कर, तेवढं तुझ्या हातात आहे."

फेअरहॅमहून हुजूर पक्षाच्या सुएला फर्नांडिस पुन्हा निवडून आल्या, वडील मूळ गोव्याचे, कट्टर ब्रेक्झिटवाल्या. लेस्टरचे कीथ वाझही गोव्याचेच, दुसऱ्या बाजूला. आमच्यातले दोघं संसदेत दोन्हीकडे आणि आम्ही मधे उभे.

अर्धा_चहा (९ जून, रात्री ९:४०)

म्हापशेकर, वाईट वाटलं वाचून. माझ्या एजन्सीत अर्ध्या मुली पोलंड-रुमेनियाच्या. त्यांनाही मत नाही. काल त्या मला विचारत होत्या, "तू दिलंस का? आमच्या वतीने पण दे."

नानू (१० जून, सकाळी ९:५०, भारतीय वेळ)

एक भाबडा प्रश्न. ३१८ आणि डीयूपीचे १० म्हणजे ३२८. हे तर काठावर?

टेकडीवरून (१० जून, सकाळी ८:१५)

सिन फेनचे (दोन्ही आयर्लंड एक व्हावेत म्हणणारा पक्ष) ७ खासदार निवडून येतात पण राणीची शपथ घेत नाहीत, म्हणून सभागृहात बसत नाहीत. सभापतींचं मत नाही. प्रत्यक्षात ३२२ च्या आसपास पुरतात.

डीयूपी म्हणजे इयन पेस्ली यांनी १९७१ मध्ये काढलेला पक्ष. गर्भपाताला विरोध, समलिंगी विवाहाला विरोध. लंडनच्या लोकांनी परवा रात्री त्यांचं नाव शोधायला सुरुवात केली.

आणि ब्रेक्झिटमुळे उत्तर आयर्लंडची सीमा हा सगळ्यात नाजूक प्रश्न होणार. पलीकडे कोण बसतंय? आठवड्यापूर्वी आयर्लंडच्या सत्ताधारी फाइन गेल पक्षाचे नेते झालेले लिओ वराडकर, वडिलांचं मूळ गाव मालवणजवळचं वराड. ते पंतप्रधान झाले की एका बाजूला डीयूपीच्या टेकूवर मे आणि समोर आपला वराडकर.

बारक्या (१० जून, सकाळी ९:००)

झालं, आता व्हॉट्सअपवर "मालवणी माणसाने ब्रिटनला झुकवलं" येणार. माझ्या काकांकडून तर येऊनही गेलं असेल.

केळफूल (१० जून, सकाळी ९:२०)

केन्सिंग्टनचं बघितलंत का? लंडनमधला श्रीमंतांचा मतदारसंघ, तिथे पुन्हा पुन्हा फेरमोजणी. मोजणारे इतके थकले की मध्ये घरी पाठवलं. काल रात्री निकाल आला, मजूर पक्ष २० मतांनी. आणि स्कॉटलंडमध्ये नॉर्थ ईस्ट फाइफला एसएनपी (स्कॉटलंड वेगळा हवा म्हणणारा पक्ष) २ मतांनी. दोन! नवराबायको सिनेमाला गेले असते तर बरोबरीत सुटलं असतं.

आणखी एक, ज्याने माझा शीण गेला. मेडनहेडला मे बाईंचा स्वतःचा निकाल लागत होता. इथे सगळे उमेदवार मंचावर एका रांगेत उभे राहतात, पंतप्रधान असो की कोणी. बाईंच्या रांगेत एक जण डोक्यावर काळी बादली घालून, झगा घालून उभा, लॉर्ड बकेटहेड, २४९ मतं. आणखी एक लाल एल्मोच्या वेशात, ३ मतं. ५०० पौंड अनामत भरली की झालं. बाईंचा चेहरा बघवत नव्हता, पण ना कोणी बाईंना हलवलं, ना त्या दोघांना.

उंबरठा (१० जून, दुपारी १२:०५)

स्कॉटलंड कोणी काढत नाही म्हणून मीच काढतो. हुजूर पक्षाच्या तिथल्या नेत्या रूथ डेव्हिडसन यांनी एकाच्या १३ जागा केल्या. त्या नसत्या तर आज दहा नंबरमध्ये कॉर्बिन यांचं सामान येत असतं. आणि बाईंच्या दोन्ही सल्लागारांनी आज राजीनामे दिले. उशिरा का होईना.

नानू (२६ जून २०१७, रात्री ११:१५, भारतीय वेळ)

धागा वर काढतोय. डीयूपीबरोबर करार झाला. उत्तर आयर्लंडला १ अब्ज पौंड जादा. १०० कोटी भागिले १० खासदार, जागेला १० कोटी. आपल्याकडे फुटाफुटीच्या वेळी जे दर ऐकू येतात ते यापुढे फारच माफक वाटायला लागले.

अर्धा_चहा (२६ जून, रात्री ९:००)

निवडणुकीच्या आठवड्यापूर्वी टीव्हीवर एका नर्सने बाईंना विचारलं होतं, २००९ पासून माझा पगार खऱ्या अर्थाने वाढला नाही, काय करणार? बाई म्हणाल्या, पैशांचं जादूचं झाड नसतं. आज सकाळपासून प्रत्येक घरात तेच चाललंय. त्या दाढीवाल्या आजोबांनी तर परसदारी जाऊन सफरचंदाच्या झाडाला खरंच हलवून बघितलं म्हणे. दोन कच्ची पडली.

म्हापशेकर (२६ जून, रात्री ९:३५)

आज आमच्याबद्दलही कागद निघालाय, युरोपीय नागरिकांच्या हक्कांचा. पाच वर्षं झालेल्यांना 'सेटल्ड' दर्जा देणार म्हणतात, पण त्यासाठी अर्ज करावा लागणार. वाचतोय. कोणाला असल्या अर्जांतलं कळत असेल तर व्यनि करा.